मासिकांना आणि दिवाळी अंकांना साहित्य पाठवताना: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात लिहिणारे पुष्कळ आहेत. छापून येण्याच्या खटपटीत असलेले तर त्याहून जास्त. आमच्या वाचनगटात कविता-कथा वाचून झाल्या की चहाच्या वेळी तेच ते प्रश्न निघतात, आणि फोनवर, व्हॉट्सॲपवर येतात ते वेगळेच. काही वर्षं एका छोट्या नियतकालिकासाठी आलेलं साहित्य पहिल्या चाळणीत वाचून देण्याचं काम केलं आहे, त्यामुळे पाठवणाऱ्याची आणि निवडणाऱ्याची अशी दोन्हीकडची अडचण ठाऊक आहे. त्या अनुभवावरून ही उत्तरं.

1. मासिक आणि दिवाळी अंक यांत फरक काय? नवख्याने आधी कुठे पाठवावं?

साहित्याला वाहिलेली नियतकालिकं वर्षभर निघतात. कोणी मासिक, कोणी द्वैमासिक, कोणी त्रैमासिक. ती वर्गणीवर, थोड्याफार अनुदानावर आणि संपादकाच्या खिशावर चालतात. दिवाळी अंक वर्षातून एकदा निघतो आणि मुख्यतः जाहिरातींवर उभा असतो. ही परंपरा 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची.

व्यवहारातला फरक असा की नावाजलेल्या दिवाळी अंकांचं बरंचसं साहित्य मागवलेलं असतं. संपादक उन्हाळ्यातच लेखकांना फोन करतात, गणपती बसायच्या आत बहुतेक पानं ठरलेली असतात. न मागवता आलेल्या कथेला जागा मिळते, पण थोडी. नियतकालिकाला मात्र दर अंकाला साहित्य लागतं आणि नवं नाव छापण्यात त्यांना रस असतो. म्हणून सुरुवात तिथे करा. दिवाळी अंकाला पाठवायचंच असेल तर मे-जूनमध्ये पाठवा. नवरात्रात कथा पाठवून 'यंदाच्या अंकात घ्याल का' असं विचारणारे दर वर्षी असतात. तोवर अंक छापखान्यात गेलेला असतो.

2. ही मासिकं सोलापुरात मिळतात कुठे? स्टॉलवर तर स्पर्धा परीक्षांचीच पुस्तकं दिसतात.

स्टॉलवर मिळणार नाहीत, आता ती आशा सोडा. साहित्यिक नियतकालिकं टपालाने वर्गणीदारांकडे जातात. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयात आणि महाविद्यालयांच्या, विद्यापीठाच्या ग्रंथालयात नियतकालिकांचा विभाग पाहा. चालू अंक रॅकवर नसेल तर ग्रंथपालांकडे मागचे बांधीव अंक मागा. दिवाळीनंतर बरीच वाचनालयं दिवाळी अंकांची योजना काढतात. ठरावीक रक्कम भरली की दोन-तीन महिने अंक बदलून नेता येतात. दहा अंक विकत घेण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं.

एका तरी नियतकालिकाची वर्गणी भरा. संपादक वर्गणीदारांची यादी तपासून कथा निवडत नाहीत, पण अंक घरी आला तर वाचला जातो, आणि न वाचता पाठवणं हेच नाकारलं जाण्याचं सर्वांत मोठं कारण आहे. 'ललित' हे 1964 पासून पुस्तकांच्या जगाविषयीचं मासिक, तिथे लोक प्रेमकथा पाठवतात. 'कवितारती' पुरुषोत्तम पाटलांनी 1985 साली धुळ्याहून कवितेसाठीच सुरू केलं, नावातच ते आहे, आणि तरी तिथे कथा जातात. मी चाळणीचं काम करायचो तेव्हा आलेल्या गठ्ठ्यातला मोठा हिस्सा वाईट नव्हता, भलत्या पत्त्यावर आलेला होता. आरोग्यविषयक लेख, राशिभविष्य, आजोबांच्या एकसष्टीनिमित्त केलेलं गौरवगीत. यातलं काही तर छान होतं. पण त्या अंकात ते कुठे बसवणार?

3. कोणाच्या नावे आणि कुठल्या पत्त्यावर पाठवायचं?

मुखपृष्ठ उलटलं की आतल्या पानावर बारीक अक्षरात एक चौकट असते. संपादक, संपादन साहाय्य, मुद्रक, प्रकाशक, वर्गणीचे दर, आणि शेवटी 'या अंकात व्यक्त झालेल्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही' हे ठरलेलं वाक्य. ती चौकट नीट वाचा. बऱ्याचदा तिथे दोन पत्ते असतात, एक संपादकीय पत्रव्यवहाराचा आणि एक वर्गणीचा, आणि दोन्ही वेगवेगळ्या गावांतले असू शकतात. वर्गणीच्या पत्त्यावर गेलेली कथा संपादकापर्यंत पोचायला महिने लागतात, कधी पोचतही नाही.

चौकट चालू अंकातलीच बघा. संपादक बदलतात, निवर्ततात, नियतकालिकं बंद पडतात. 'सत्यकथा' 1982 मध्ये बंद झालं, आणि तरी मला अजून कोणीतरी विचारतं की 'सत्यकथेचा पत्ता आहे का सर?'

4. हाताने लिहिलेलं चालतं का? टाइप करायचं तर फॉन्ट कुठला?

काही जुने संपादक हस्तलिखित अजून घेतात. तसं असेल तर कागदाच्या एकाच बाजूला, डावीकडे समास सोडून, पानांना आकडे घालून लिहा आणि स्वतःजवळ प्रत ठेवा. पूर्वी लोक रजिस्टरने पाठवायचे. टपाल खात्याने 2025 साली रजिस्टर सेवा स्पीड पोस्टमध्येच विलीन केली, तेव्हा आता स्पीड पोस्ट. वहीच्या पानांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर मात्र कोणालाही पाठवू नका.

टाइप करणार असाल तर युनिकोडमध्ये करा. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये करून घेतलेली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. संपादक ती दुरुस्त करत बसणार नाही, पुढची उघडेल. वर्डची फाइल पाठवा आणि सोबत तिचीच पीडीएफ जोडा, म्हणजे काही हललं तर मूळ कसं होतं ते कळतं.

मोबाइलवर टाइप करणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'सोलापूरच्या चादरीवाल्याऱ्या' अशा शब्दांपैकी पहिले दोन नीट उमटतात का ते बघा (तिसरा मी गंमत म्हणून घातलाय, असा शब्द नाही, पण आलेल्या कथांत याहून भन्नाट सापडतात). साधा र, मग हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), मग य असं दाबलं की र उडी मारून य च्या डोक्यावर जातो आणि 'दुसर्या' होतं. त्यासाठी खाली टिंब असलेला ऱ घ्यावा लागतो, मग हलन्त, मग य. पहिल्याच पानावर चार ठिकाणी 'दुसर्या' दिसलं की वाचणाऱ्याचं लक्ष कथेवरून उडतं. शुद्धलेखनाचं म्हणाल तर साहित्य महामंडळाचे 1962 चे नियम आणि 1972 ची त्यातली भर एवढं जवळ ठेवलं की पुरे. एखादी वेलांटी चुकली म्हणून कोणी चांगली कथा परत करत नाही.

फाइलला 'नवीन डॉक्युमेंट 3' असं नाव देऊ नका. कथेचं नाव आणि तुमचं नाव द्या. कथेच्या शेवटी, फाइलच्या आतच, पत्ता आणि फोन लिहा. मेल एकीकडे राहतो आणि छापलेली पानं दुसरीकडे फिरतात.

5. सोबतच्या पत्रात काय लिहायचं? स्वतःबद्दल किती सांगायचं?

चार ओळी. हे पत्र आम्हाला खूप यायचं:

'आदरणीय संपादक महोदय, सा. न. वि. वि. मी लहानपणापासून लिहितो. माझ्या कविता वाचून अनेकांच्या डोळ्यांत पाणी आले आहे. नवोदितांना संधी देणे हे आपले कर्तव्य आहे. सोबत 14 कविता जोडत आहे. योग्य त्या निवडून घ्याव्यात.'

डोळ्यांतल्या पाण्याची दखल घेणं अवघड असतं, आणि कर्तव्याची आठवण कोणालाच आवडत नाही. खरी अडचण चौदा कवितांची आहे. निवड स्वतः करायची असते. चार किंवा पाच कविता, किंवा एकच कथा. पत्र असं असलं तरी भागतं:

'स. न. सोबत एक कथा पाठवत आहे, अंदाजे 3200 शब्द. अप्रकाशित आहे आणि अन्यत्र पाठवलेली नाही. मी सोलापुरात राहतो, यंत्रमाग कारखान्यात हिशेबनीस आहे. आपल्या मागच्या अंकातली विडी कामगार बाईवरची कथा वाचून ही पाठवावीशी वाटली. कळवावे, ही विनंती.'

मागच्या अंकाचा उल्लेख खरोखर वाचला असेल तरच करा. न वाचता केलेलं कौतुक लगेच ओळखू येतं. कथेचा सारांश पत्रात देऊ नका आणि 'ही सत्यघटना आहे' असं तर मुळीच लिहू नका. कथा जमली नसेल तर ती खरी घडली होती याने काही फरक पडत नाही.

6. पाठवून सहा महिने झाले, काहीच उत्तर नाही. नाकारली असं समजायचं का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात राग असतो. राग समजण्यासारखा आहे.

पूर्वी पद्धत होती की स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सोबत जोडायचं. नापसंत झाली की त्याच पाकिटातून 'साभार परत' अशी चिठ्ठी यायची. वाईट वाटायचं, पण निकाल लागायचा. ईमेल आल्यावर पाठवणं फुकट झालं, आवक वाढली आणि साभार परत बंद झालं. आता न कळवणं हाच नकार असतो, किंवा तो नकार नसतोही, नुसता ढीग असतो. बहुतेक साहित्यिक नियतकालिकांना पगारी माणसं नाहीत. संपादक कुठेतरी प्राध्यापक असतो नाहीतर निवृत्त असतो, पॅकिंग घरच्यांच्या मदतीने करतो आणि रविवारी कथा वाचतो.

म्हणून मी असं सुचवतो. पाठवल्यावर आठवडाभरात पोच आली नाही तर एकदा, फक्त 'मिळालं का' एवढंच विचारा. मग तीन महिने गप्प बसा. नंतर एक आठवण. आणखी महिनाभर थांबून 'उत्तर न आल्याने ही कथा मागे घेत आहे, अन्यत्र पाठवत आहे' असा नम्र मेल करा आणि दुसरीकडे पाठवा. हा शेवटचा मेल चुकवू नका. का ते पुढच्या उत्तरात. फोन शक्यतो नको. संपादक फोनवर भिडेपोटी 'बघतो' म्हणतात आणि तुम्ही त्याचा अर्थ 'घेतली' असा लावता. मग दिवाळीत अंक उघडल्यावर मनस्ताप.

एक ओळ जरी संपादकांच्या स्वतःच्या हाताने लिहून आली, 'शेवट घाईत उरकलाय, पुन्हा बघा' अशी, तरी ती नकाराची चिठ्ठी समजू नका. एवढं लिहायला त्यांनी कथा पूर्ण वाचलेली असते. तिथेच पुढची कथा पाठवा.

7. मग एकाच वेळी चार ठिकाणी का पाठवू नये? वेळ वाचेल.

वाचेल, आणि कधीतरी दोघेही छापतील. मराठीत संपादकांचं वर्तुळ लहान आहे. एकच कथा एकाच दिवाळीत दोन अंकांत आली की दोन्ही संपादक एकमेकांना फोन करतात आणि दोन्हीकडचे दरवाजे बंद होतात. माझं मत असं की एका वेळी एक कथा एकाच ठिकाणी, पण वेगवेगळ्या कथा वेगवेगळ्या ठिकाणी खुशाल. एकच कथा घेऊन वर्षभर बसणाऱ्याची घुसमट होते. चार कथा चार दिशांना गेलेल्या असल्या की एकीचा नकार तितका लागत नाही.

8. फेसबुकवर टाकलेली कविता 'अप्रकाशित' म्हणून चालते का? आणि डिलीट केली तर?

बहुतेक संपादक ती प्रकाशित धरतात. ॲपवर टाकलेल्या कथांचंही तेच. डिलीट करून पाठवण्यापेक्षा पत्रात स्पष्ट लिहा की अमुक साली फेसबुकवर टाकली होती, आता बदलली आहे. काहींना चालतं. तुमच्या मित्रांनी ती पुढे ढकललेली असते, कोणाच्याही नावाशिवाय, आणि संपादकाच्या फोनवर ती 'सुप्रभात'सोबत येऊन गेलेली असू शकते. पाच-पंचवीस लोकांच्या बंद गटात वाचून दाखवलेलं किंवा संमेलनात म्हटलेलं अप्रकाशितच असतं.

9. पुण्या-मुंबईत ओळख असल्याशिवाय छापतच नाहीत. खरं ना?

अर्धं खरं. दिवाळी अंकांत मागवलेल्या लेखकांची यादी असते हे वर (प्रश्न 1) आलंच आहे, आणि ती यादी ओळखीतूनच बनते. कोणी कोणाला 'अमक्याचं वाच' असं सांगितलेलं असतं. ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण सोलापूर आड येतं हे मी मान्य करत नाही. कुंजविहारी, संजीव, दत्ता हलसगीकर, त्र्यं. वि. सरदेशमुख, निर्मलकुमार फडकुले ही माणसं याच शहरात राहून लिहीत होती. मराठीतली लक्षणीय नियतकालिकंही सगळी पुण्या-मुंबईची नाहीत. 'अस्मितादर्श' औरंगाबादचं (आताचं छत्रपती संभाजीनगर), 'कवितारती' धुळ्याचं. नागपूरला विदर्भ साहित्य संघाचं 'युगवाणी'.

ओळख करून घ्यायचा एक सरळ मार्ग आहे आणि तो कोणी वापरत नाही. अंकात आलेल्या एखाद्या कथेबद्दल किंवा लेखाबद्दल वाचकपत्र लिहा. 'अंक वाचनीय' असलं नको. काय पटलं, कुठे खटकलं, कोणत्या पानावर, असं दीडशे शब्दांत. चांगली वाचकपत्रं संपादकाला दुर्मीळ असतात, तो ती छापतो आणि नाव लक्षात ठेवतो. शिवाय नेमकं लिहायची सवय होते, ते वेगळंच.

संमेलनात संपादकाला गाठून हातात बाड देण्याचा प्रकार टाळा. त्यांच्या दुसऱ्या हातात जेवणाचं ताट असतं.

10. मी पूर्व भागात राहते. घरी तेलुगू, शाळा मराठी. माझी भाषा 'शुद्ध' नाही असं मैत्रिणी म्हणतात. पाठवू का?

पाठवा. सोलापुरात जन्मलेल्या, तेलुगू आडनावाच्या मारुती चितमपल्लींनी मराठीला पक्ष्यांचे आणि झाडांचे किती शब्द दिले ते आठवा. 2006 साली सोलापुरातच भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष तेच होते.

चूक आणि बोली यांत मात्र फरक करायला शिका. कर्ता-क्रियापदाचं लिंग जुळत नसेल तर ती चूक, ती कोणाकडून तरी तपासून घ्या. आई मुलाला तेलुगूत रागावते आणि मुलगा मराठीत उत्तर देतो, हे मात्र तुमच्या घरातलं आहे आणि नागपूरच्या लेखकाकडे ते नाही. कांड्या भरणाऱ्या बायका, शिफ्ट सुटल्यावरचा अशोक चौक, विड्यांचं माप देताना होणारी घासाघीस. हे लिहिताना भाषा आपोआप तुमची येते. मला जी पांढरीफेक मराठी वाचायला मिळते, 'सायंकाळच्या कातरवेळी मन हुरहुरले' छापाची, ती कुठल्याच गावाची नसते.

11. संवाद सोलापुरी बोलीत लिहिले तर संपादक प्रमाण मराठी करतील का?

चांगला संपादक करणार नाही. पण तुम्ही एकसारखं लिहिलेलं हवं. एकाच पात्राने पहिल्या पानावर 'कुठं चाललास बे?' म्हणायचं आणि तिसऱ्यावर 'तू कुठे जात आहेस?' म्हणायचं, असं झालं की मुद्रितशोधक सगळंच सरळ करून टाकतो, आणि त्याला दोष देता येत नाही. पत्रात एक ओळ घाला की संवादांतली बोली हेतुपुरस्सर आहे. प्रत्येक शब्दाचा कंसात अर्थ देऊ नका, वाचकाला संदर्भाने कळतं. आणि 'बे' प्रत्येक वाक्याला नको. आपण बोलतो तितका लिहिला तर बाहेरच्या वाचकाला ती नक्कल वाटते.

12. कन्नड कथेचा मी मराठी अनुवाद केलाय. थेट पाठवू?

आधी मूळ लेखकाची परवानगी. भाषांतराचा हक्क लेखकाचा असतो, तो हयात नसेल तर वारसांचा. कॉपीराइट लेखकाच्या निधनानंतरच्या पुढच्या जानेवारीपासून 60 वर्षं टिकतो. परवानगी लेखी हवी, ईमेल चालतो. तो अनुवादासोबत जोडलात तर संपादकाची अर्धी काळजी मिटते.

सोलापूरकराने हे काम जरूर करावं. विजापूर, कलबुर्गी हाकेच्या अंतरावर, आणि कन्नड, तेलुगू, उर्दू कानावर पडत मोठा झालेला माणूस दुसरीकडे सहज मिळत नाही. नियतकालिकांना चांगले अनुवाद हवे असतात, आणि थेट मूळ भाषेतून केलेला अनुवाद त्याहून हवा असतो. इंग्रजीवरून केला असेल तर तसं सांगा.

13. मानधन मिळतं का? मागावं का?

साहित्यिक नियतकालिक बहुधा फक्त लेखकाची प्रत देतं. काही देतात, थोडं. व्यावसायिक दिवाळी अंक आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्या देतात, पण सगळ्या नाहीत. मागायला हरकत नाही, फक्त स्वीकृती कळल्यावर विचारा, पाठवतानाच्या पत्रात नको. टोपणनावाने लिहीत असाल तर बँकेतलं नाव आधीच कळवा, नाहीतर धनादेश टोपणनावाने निघतो आणि बँक तो वटवत नाही. (टोपणनावात वावगं काही नाही. प्रश्न 9 मधली पहिली दोन नावं टोपणनावंच आहेत.)

लेखकाची प्रतही आली नाही तर मागा. ती तुमचा हक्क आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

14. 'कथा घेतो, पण एक जाहिरात आणा' किंवा '20 प्रती घ्या' असं सांगितलं. काय करू?

घेऊ नका. ज्या अंकात पानाला पैसे लागतात तिथे निवड होत नसते, आणि निवड झाल्याशिवाय छापून येण्याला काय किंमत? प्रातिनिधिक काव्यसंग्रह, 'राज्यस्तरीय' सन्मानपत्र, नोंदणी शुल्क भरून मिळणारा पुरस्कार, शाल आणि फोटोसह, हा सगळा त्याच धंद्याचा भाग. आपल्या गटातल्या एका विडी कामगार बाईंच्या मुलीने अशा संग्रहाच्या प्रतींसाठी पैसे भरले. प्रती आल्या तेव्हा तिच्या कवितेखाली दुसरीचं नाव होतं. फोन केला तर पुढच्या संग्रहात दुरुस्त करू, त्याची नोंदणी सुरू आहे, असं उत्तर मिळालं.

याला अपवाद एक. गावातल्या मित्रांनी मिळून अनियतकालिक काढलं आणि छपाईचा खर्च वाटून घेतला तर ते वेगळं. साठच्या दशकातली लघुनियतकालिकांची चळवळ अशाच पदरमोडीतून उभी राहिली. तिथे तुम्ही गिऱ्हाईक नसता, भागीदार असता.

15. मासिकाला आयएसएसएन आहे, म्हणजे दर्जेदार ना?

नाही. तो आठ अंकी ओळखक्रमांक आहे, दर्जाचं प्रमाणपत्र नाही. कोणत्याही नियतकालिकाला अर्ज केल्यावर मिळू शकतो. प्राध्यापक मंडळींचा गोंधळ इथे होतो. शोधनिबंधासाठी पैसे घेणारी जर्नल्स कथा-कविताही छापतात आणि लोकांना वाटतं साहित्यिक मासिकात आलं. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मान्य जर्नल्सची आपली केअर यादी बंद केल्याचं 2025 च्या फेब्रुवारीत जाहीर केलं, तेव्हा तोही आधार आता राहिला नाही. अंक हातात घ्या, दोन कथा वाचा, स्वतः ठरवा.

16. कथास्पर्धांना पाठवावं का?

पाठवा, प्रवेश शुल्क नसेल तर. नियमांतली एकच ओळ बघा, स्पर्धेसाठी आलेलं सगळंच साहित्य छापण्याचा हक्क ते घेतात का. घेत असतील तर बक्षीस न मिळताही तुमची कथा अडकते.

17. छापून आली, पण संपादकांनी शेवटचा परिच्छेदच उडवला. तक्रार करता येते?

शुद्धलेखन, एखादं वाक्य, शीर्षक यात संपादकाचा हात फिरतो, ते गृहीत धरा. पूर्ण परिच्छेद न विचारता काढणं बरोबर नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 57 लेखकाला स्वतःच्या नावाचा आणि कृतीची विटंबना रोखण्याचा हक्क देतं, पण एका परिच्छेदासाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? पत्र लिहा, शांतपणे. आणि ते लिहिण्याआधी नव्या शेवटासकट कथा एकदा वाचा. कधीकधी उडवलेला परिच्छेद तोच असतो, ज्यात लेखकाने कथेचं तात्पर्य सांगितलेलं असतं.

18. स्वीकारल्याचं पत्र आलं, दोन वर्षं झाली, अंकच निघाला नाही.

नियतकालिक बंद पडलं असेल किंवा आर्थिक ओढाताणीत असेल. लेखी विचारा, महिनाभर थांबा, मग प्रश्न 6 मधल्यासारखं मागे घेत असल्याचं कळवून दुसरीकडे पाठवा. नव्या संपादकाला हा इतिहास सांगा. स्वीकृती मिळालेली कथा ही काही वाईट शिफारस नाही.

19. छापलेल्या कथेवर हक्क कोणाचा? पुढे संग्रहात घेता येईल?

लेखी करार करून हक्क दिला नसेल तर तुमचाच. नोंदणीचीही गरज नाही. करार असेल आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. तरी संग्रहात घेताना पूर्वप्रसिद्धीचा उल्लेख करायची रीत आहे, ती पाळा. पहिल्या पुस्तकासाठी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. नियतकालिकांत आलेल्या कथांची कात्रणं तारखेसह जपून ठेवा, पुढे प्रकाशकाशी बोलताना उपयोगी पडतात.

20. आमच्या पेठेतल्या खऱ्या माणसावर कथा आहे. नाव बदललंय, पण गल्लीतला कोणीही ओळखेल. छापून आली तर?

नाव बदलणं पुरत नाही. धंदा, घराची रचना, लकब, मुलांची संख्या यातलं काहीतरी बदला, आणि ओळखू येणाऱ्या माणसावर गुन्हा किंवा अनैतिकतेचा आरोप करणारा तपशील असेल तर तो काढा, बदनामीचा दावा कथेवरही होऊ शकतो. संपादकाला आधी विश्वासात घ्या, कारण नोटीस त्यालाही येते. 'पात्रे काल्पनिक आहेत' ही तळटीप फारसं संरक्षण देत नाही.

कायद्यापलीकडचं असं, की साहित्यिक मासिक तुमच्या गल्लीत बहुधा कोणाकडे येत नाही. येतं ते व्हॉट्सॲपवर, तुम्हीच आनंदाने टाकलेल्या पानांच्या फोटोतून. तेव्हा निदान तो फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकू नका.